दुसऱ्या राज्यात लायसन्स निलंबित झालं आणि आता तुम्ही नागपुरात आहात: पुढची वाट कशी काढायची

“लायसन्स तिकडे हैदराबादला सस्पेंड झालं होतं. आता मी नागपुरात राहतो. इथे चालवली तर चालते ना?” गाडी शिकवण्याच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत सारखा येतो. विचारणारी माणसं साधी, नोकरीधंद्याची असतात. कुणी बंगळुरूची नोकरी सोडून मिहानमध्ये रुजू झालेलं असतं, कुणी रायपूरहून बदली होऊन आलेलं. सौंसर-पांढुर्ण्याकडचेही असतात, ज्यांचं घर मध्य प्रदेशात आणि पोट बुटीबोरीत. उत्तर सगळ्यांना एकच आहे: नाही, चालत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या कलम १३ मुळे कुठल्याही राज्यात काढलेलं लायसन्स देशभर चालतं. त्याच कारणाने ते बंद झालं की देशभर बंद होतं. खवासाची हद्द ओलांडून महाराष्ट्रात शिरलात म्हणून जबलपूरच्या कार्यालयाचा आदेश मागे राहत नाही. तो तुमच्यासोबतच येतो.

पण घाबरून जाण्यासारखंही काही नाही. बहुतेक निलंबनं तीन महिन्यांची असतात आणि त्यातून बाहेर पडायचा रस्ता कायद्यातच दिलेला आहे. अडचण एवढीच की तो रस्ता नागपूरच्या आरटीओतून सुरू होत नाही. ज्या कार्यालयाने किंवा कोर्टाने आदेश काढला, तिथून तो सुरू होतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढची कामं ओळीने करता येतात.

सगळ्यात आधी: गाडीची किल्ली बाजूला ठेवा

कलम १८२ सांगतं की अपात्र ठरवलेल्या, म्हणजे लायसन्स निलंबित असलेल्या, काळात सार्वजनिक जागी गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१९च्या दुरुस्तीआधी हा दंड पाचशे रुपयांपर्यंतच होता. म्हणून “पाचशे रुपये देऊन सुटलो होतो” असं सांगणाऱ्या जुन्या जाणत्यांचा सल्ला आता ऐकू नका. शिवाय अंमलात असलेलं लायसन्स नसताना गाडी चालवली म्हणून कलम २०७ खाली पोलीस गाडी अडकवून ठेवू शकतात.

“इथल्या पोलिसाला कळणार कसं?” याचं उत्तर चौकात मिळतं. व्हरायटी चौकात किंवा वर्धा रोडवर गाडी थांबवली की हवालदाराच्या हातात ई-चलानचं यंत्र असतं. तो लायसन्सवरचा नंबर त्यात टाकतो आणि नोंद समोर येते. तुमच्या खिशातलं कार्ड कितीही नवंकोरं, चकचकीत असो, तो कार्ड बघत नाही, नोंद बघतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या बदलांनुसार अपात्र ठरवलेल्या आणि रद्द केलेल्या लायसन्सची माहिती पोर्टलवर तारखेनिशी नोंदवायची असते. कार्ड तुमच्याकडेच राहिलं म्हणजे लायसन्स जिवंत आहे, हा समज कृपा करून सोडा.

तरीही मला खरी काळजी दंडाची वाटत नाही. काळजी अपघाताची वाटते. अपात्र चालकाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनीला कलम १५० खाली बचाव मिळतो, कारण ‘अपात्रतेच्या काळात अपात्र व्यक्तीने गाडी चालवणं’ हे कारण त्या कलमात थेट लिहिलेलं आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर जवळजवळ गेलाच म्हणून समजा. ज्याला धडक बसली त्याला भरपाई मिळावी म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे द्यायला लावू शकतं, पण ते पैसे नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभाही देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या स्वर्ण सिंग प्रकरणात ही चौकट घालून दिली. त्यात मालकाने जाणूनबुजून अट मोडली का, हे बघितलं जातं.

आता हा ‘मालक’ कोण असतो ते बघा. आपल्याकडे “भाऊ, जरा गाडी दे ना, बर्डीवर जाऊन येतो” हे रोजचं आहे. ॲक्टिव्हा वहिनीच्या नावावर असते, कार सासऱ्यांच्या. तुमचं लायसन्स निलंबित आहे हे माहीत असून त्यांनी किल्ली दिली, तर कलम १८० खाली त्यांनाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. अपघात झाला तर वसुलीची नोटीसही त्यांच्याच दारात येईल. घरच्यांना लाजेपायी सांगत नाही, असं म्हणणारे मी पाहिले आहेत. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: आजच्या आज घरी सांगा. तुम्ही लपवलेल्या गोष्टीची किंमत तुमच्या म्हाताऱ्या वडिलांनी भरू नये.

तुमच्या बाबतीत नेमकं काय घडलंय?

‘लायसन्स गेलं’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली: पोलिसांनी लायसन्स घेतलं, पावती दिली, पण आदेश अजून निघालेला नाही. ही पावती नीट वाचा, तिच्यावर कलम २०६चं कोणतं पोटकलम लिहिलं आहे ते बघा. माणूस पळून जाईल किंवा हजर राहणार नाही, अशा शंकेने लायसन्स घेतलं असेल तर पोटकलम (३)ची पावती ठरलेल्या मुदतीपर्यंत गाडी चालवायला चालते. पण अतिवेग, धोकादायक वाहन चालवणं, दारू, शर्यत, हेल्मेट नसणं, दुचाकीवर तिघं, रुग्णवाहिकेला वाट न देणं अशा गुन्ह्यांसाठी पोटकलम (४) खाली लायसन्स जप्त झालं असेल, तर ती पावती गाडी चालवायला चालत नाही. लायसन्स हातात परत येईपर्यंत गाडी बंद. दोन्ही पावत्या दिसायला सारख्याच असल्यामुळे खूप लोक इथे फसतात. नागपूरचं लायसन्स असलेला माणूस बंगळुरूला फिरायला गेला आणि तिथे लाल सिग्नल तोडला, तर त्याच्यावरही हीच वेळ येते. उलटी दिशा असली तरी नियम तोच.

दुसरी: परिवहन कार्यालयाने कलम १९ खाली आदेश काढला. पोलिसांनी पाठवलेल्या प्रकरणात पहिल्या वेळी तीन महिन्यांची अपात्रता आणि दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द, असा हा हिशेब आहे. आदेशाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं आणि कारणं लेखी नोंदवणं कार्यालयावर बंधनकारक आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिसरी: कोर्टाने कलम २० खाली अपात्र ठरवलं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली तर ही अपात्रता किमान सहा महिन्यांची असते. इथे कुठलाही आरटीओ तुम्हाला काही देऊ शकत नाही. जे मागायचं ते कोर्टातच.

चौथी कमी घडते, पण गंभीर आहे. धोकादायक वाहन चालवल्याबद्दल आधी शिक्षा झालेली असताना पुन्हा तसाच गुन्हा नोंदवला गेला आणि त्यात कुणाचा जीव गेला किंवा कुणी गंभीर जखमी झालं, तर कलम २१ नुसार गुन्हा नोंदवल्याच्या तारखेपासून सहा महिने लायसन्स आपोआप निलंबित होतं. वेगळा आदेश हातात यायची वाट बघू नका, आणि वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नका.

हे ओळखताना आणखी एक बघायचं: निलंबन सगळ्या गाड्यांसाठी आहे की एखाद्याच वर्गासाठी? आदेश ‘कोणत्याही एका किंवा सर्व वर्गांसाठी’ निघू शकतो. वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात काम करणाऱ्या चालकांसाठी हा फरक मोठा आहे. फक्त मालवाहू गाडीची मनाई असेल तर घरी जायला मोटरसायकल चालवता येते. पण हे आदेशाची प्रत वाचूनच ठरवा, कुणाच्या तोंडी सांगण्यावरून नाही.

ऑनलाइन स्थिती तपासा

परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की सध्याची स्थिती दिसते. राज्य निवडताना जिथे लायसन्स निघालं ते राज्य निवडा, जिथे राहता ते नाही. मोबाइलवर एमपरिवहन आणि डिजिलॉकरमध्येही लायसन्स बघता येतं. जे पान दिसेल त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा.

जुनं, पुस्तिकेतलं लायसन्स असेल तर नोंदच सापडणार नाही, कारण ती संगणकावर चढवलेली नसते. त्यासाठी मूळ कार्यालयात जुन्या नोंदीचा अर्ज करावा लागतो. पोर्टलवर ‘ॲक्टिव्ह’ दिसतंय पण पोलिसांनी लायसन्स घेतलेलं आहे, असंही होतं. आदेश निघून नोंद चढेपर्यंत मधे दिवस जातात. तेवढ्या दिवसांत हिरवा शब्द बघून गाडी काढू नका. पावती काय सांगते ते महत्त्वाचं.

याच बैठकीत थकीत चलानंही बघून घ्या. केंद्राच्या ई-चलान पोर्टलवर अनेक राज्यांची चलानं दिसतात, पण सगळी नाही. महाराष्ट्राचं वाहतूक पोलिसांचं स्वतंत्र पोर्टल आहे, तेलंगणाचंही वेगळं. ज्या ज्या राज्यात राहिलात, त्या प्रत्येक ठिकाणी बघा.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण त्यामुळे भलीभली माणसं अडकतात. चलानाचे पैसे भरले म्हणजे निलंबन संपलं, असं होत नाही. तडजोड रक्कम, म्हणजे चलानाचे हे पैसे, भरल्याने कलम २०६(४) खालची कारवाई किंवा उजळणी प्रशिक्षणाची (लायसन्स परत मिळण्याआधी कराव्या लागणाऱ्या ड्रायव्हिंगच्या कोर्सची) सक्ती टळत नाही, असं कलम २००मध्ये २०१९च्या दुरुस्तीने स्वच्छ लिहिलं आहे. वर तडजोड केलेला गुन्हा पुढच्या वेळी ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजलाही जातो. म्हणजे पैसे भरणं आणि लायसन्स सोडवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

आदेशाची प्रत मिळवा, तिच्याशिवाय सगळं अधांतरी

राज्य बदललेल्या माणसाची खरी गोची इथेच होते. नोटीस जुन्या पत्त्यावर गेलेली असते. तिथे आता दुसरा भाडेकरू राहतो आणि त्याने ते पाकीट कधीच कचऱ्यात टाकलेलं असतं. सुनावणीची तारीख उलटून जाते, कार्यालय एकतर्फी आदेश काढतं, आणि तुम्हाला कळतं ते एक वर्षाने, नागपुरात एखाद्या चौकात.

म्हणून आदेश काढणाऱ्या कार्यालयाला लेखी अर्ज करा. अर्जात लायसन्स नंबर, जन्मतारीख, चलानाचा किंवा पावतीचा नंबर, सध्याचा नागपूरचा पत्ता आणि मोबाइल नंबर द्या. तीन गोष्टी मागा: नोटिसीची प्रत, आदेशाची प्रमाणित प्रत, आणि नोटीस तुम्हाला मिळाल्याचा जो काही पुरावा त्यांच्याकडे असेल त्याची प्रत. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा, आणि कार्यालयाचा अधिकृत ईमेल असेल तर त्यावरही पाठवा. इंग्रजीत किंवा त्या राज्याच्या भाषेत लिहिलात तर काम लवकर हलतं. मध्य प्रदेश-छत्तीसगडसाठी हिंदीत लिहा.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे, आणि स्वतःच्याच प्रकरणाची कागदपत्रं मागत असल्यामुळे नकार द्यायला फारशी जागा नसते. त्या राज्याचं ऑनलाइन पोर्टल असेल तर नागपुरात बसून काम होतं.

प्रत हातात आली की शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करा. तारीख, किती दिवसांची मनाई, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वर्गाच्या गाड्या, आणि अपील कुणाकडे करायचं, या पाच गोष्टी पेनाने खुणा करून ठेवा. ‘लायसन्स जमा केल्यापासून’ अशी काही अट लिहिली असेल आणि कार्ड अजून तुमच्याच पाकिटात असेल, तर तुमचे तीन महिने सुरूच झालेले नसण्याची शक्यता आहे. कलम १९(२) नुसार आदेश निघाला की लायसन्स लगेच जमा करायचं असतं. तेव्हा कार्ड स्पीड पोस्टाने त्या कार्यालयाला पाठवा, सोबत पत्र जोडा, पत्राची आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, आणि जमा झाल्याची लेखी पोच मागा. हातात कार्ड ठेवण्यात सुरक्षितता वाटते हे मी समजू शकतो, पण त्याने मुदतच लांबते.

भांडायचं की मुदत काढायची?

कलम १९च्या आदेशाविरुद्ध आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. ‘मिळाल्यापासून’ हे महत्त्वाचं आहे. नोटीसच मिळाली नसेल, म्हणणं मांडायची संधीच मिळाली नसेल, तर अपिलाचा तो सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. घर बदलल्याचा पुरावा जोडा: भाडेकरार, नोकरीचं नियुक्तिपत्र, बदलीचा आदेश, वीजबिल, जे असेल ते.

तरीही माझं स्पष्ट मत सांगतो. हेल्मेट, सिग्नल, मोबाइल अशा कारणावरून तीन महिन्यांची मनाई असेल आणि चूक झालेलीच असेल, तर मुदत काढणं शहाणपणाचं. अपिलात तेवढे महिने तसेही जातात. पण गाडी चालवणं हाच ज्याचा रोजगार आहे, किंवा गाडी कधीच विकलेली असताना दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी ज्याच्यावर कारवाई झाली आहे, किंवा दुसरा गुन्हा मोजून ज्याचं लायसन्स थेट रद्द केलं आहे, त्याने अपील करावंच. त्याच्या घरची चूल त्यावर पेटते.

कोर्टाच्या आदेशाचं गणित वेगळं. अपील दाखल केल्याने अपात्रता आपोआप थांबत नाही, वरच्या कोर्टाने तशी स्थगिती द्यावी लागते. लांब मुदतीची मनाई असेल तर कलम २३ एक खिडकी उघडी ठेवतं: आदेशाला सहा महिने झाल्यावर ज्याने आदेश दिला त्याच्याकडेच अपात्रता उठवण्याचा अर्ज करता येतो. तो फेटाळला तर पुढचे तीन महिने पुन्हा अर्ज करता येत नाही, म्हणून पहिलाच अर्ज पुरेशा कागदांनिशी करा.

प्रकरण दुसऱ्या राज्याच्या कोर्टात आहे म्हणून हताश होऊ नका. नागपुरात सिव्हिल लाइन्सला न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत ‘न्याय कौशल’ हे ई-संसाधन केंद्र ३१ ऑक्टोबर २०२०ला सुरू झालं. देशातल्या सर्वोच्च न्यायालयापासून जिल्हा न्यायालयांपर्यंत ऑनलाइन दाखल करण्याच्या कामात मदत करण्यासाठीच ते आहे. त्याच दिवशी काटोलला वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालयही सुरू झालं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. खूप लोकांना हे माहीतच नसतं आणि ते व्याजाने पैसे काढतात.

‘नागपूरचं नवीन लायसन्स काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा

यावर जरा जास्त लिहितो, कारण मला याचा मनापासून राग येतो. चहाच्या टपरीवर कुणीतरी भेटतो आणि सांगतो: “तुमचा आधार नागपूरच्या पत्त्यावर करा. जुन्या लायसन्सचं नावच काढू नका. आपण नव्याने लर्निंग काढू, महिन्याभरात एमएच-३१चं कार्ड हातात.” ऐकायला किती सोपं!

कायदा काय म्हणतो ते बघा. कलम ६ नुसार एक लायसन्स असताना दुसरं बाळगताच येत नाही. कलम १८२ फक्त गाडी चालवणाऱ्यालाच नाही, तर अपात्र असताना लायसन्ससाठी अर्ज करणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगतं. आधीच्या लायसन्सवरचा शेरा, म्हणजे शिक्षेची किंवा अपात्रतेची नोंद, लपवून अर्ज करणंही त्यातच येतं. आणि असं मिळवलेलं लायसन्स ‘परिणामशून्य’ असतं. म्हणजे पाचआठ हजार देऊन घेतलेलं ते कार्ड अपघाताच्या दिवशी कागदाचा कपटा ठरतं. खोटी माहिती देऊन लायसन्स मिळवणं हे कलम १९ खाली रद्द करण्याचंही कारण आहे, म्हणजे तीन महिन्यांत सुटणारी गोष्ट तुम्ही कायमची बिघडवून घेता. लायसन्सच्या नोंदी आता राष्ट्रीय नोंदवहीत एकत्र आहेत. आज नाही तर नूतनीकरणाच्या वेळी जुनी नोंद समोर येईलच.

एजंटकडून फॉर्म भरून घ्या, त्यात काही वावगं नाही. पण “जुनं लपवा” असं जो म्हणेल, त्याच्यापुढून उठून या.

मधले महिने कसे काढायचे

नागपुरात हे आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. मेट्रोच्या ऑरेंज मार्गाने ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत आणि ॲक्वा मार्गाने प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत जाता येतं, सीताबर्डीला गाडी बदलता येते. मिहानवाल्यांना खापरीकडची आणि हिंगणा एमआयडीसीवाल्यांना लोकमान्यनगरची बाजू सोयीची. पुढच्या टप्प्यासाठी आपली बस, शेअर ऑटो किंवा कंपनीची गाडी. बुटीबोरीला जाणाऱ्यांचे हाल होतात हे खरं. त्यांनी सहकाऱ्याच्या गाडीत जागा धरावी आणि पेट्रोलचा वाटा द्यावा.

बॅटरीवरची सायकल चालेल का? २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणारी, नियमांच्या अटीत बसणारी गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही, तिला लायसन्स लागत नाही. पण दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका. तिची कागदपत्रं बघा आणि वेग वाढवून दिलेली गाडी घेऊ नका. वेग वाढवला की ती मोटार वाहन झाली आणि तुम्ही पुन्हा कलम १८२मध्ये.

मुदत संपली, आता लायसन्स परत

तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारायची नाही. जमा केलेलं लायसन्स उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यावरच परत मिळतं, असं कलम १९मध्ये २०१९च्या दुरुस्तीने जोडलेलं आहे. हे प्रशिक्षण परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा केंद्राने अधिसूचित केलेल्या संस्थेत घ्यायचं असतं. कायद्यात ‘त्याच राज्यातली शाळा’ असं लिहिलेलं नाही. तरी नागपुरात पैसे भरण्याआधी आदेश काढणाऱ्या कार्यालयाला लिहून विचारा: नागपूरच्या अमुक परवानाधारक शाळेचं प्रमाणपत्र चालेल का? उत्तर लेखी घ्या. नाहीतर प्रशिक्षण दोनदा करावं लागेल.

प्रमाणपत्र, आदेशाची प्रत, ओळखपत्र आणि कार्ड जमा केल्याची पोच एवढं घेऊन त्या कार्यालयात एकदा प्रत्यक्ष जाणं सगळ्यात बरं. रायपूर, छिंदवाडा, बैतूल, जबलपूर ही ठिकाणं तर एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. जाताना अर्थातच बसने किंवा रेल्वेने. आपण स्वतः गाडी हाकत लायसन्स सोडवायला निघालो, असं करणारे असतात म्हणून सांगतोय. लांबच्या राज्यात असाल तर अधिकारपत्र देऊन तिथल्या वकिलाला किंवा नातलगाला पाठवता येईल का, ते आधी विचारा.

कार्ड हातात आलं तरी सारथीवर स्थिती बदललेली दिसेपर्यंत थांबा. कार्यालयाने कार्ड दिलं आणि संगणकात निलंबन उठवायचं राहून गेलं, असं घडतं, आणि मग चौकातल्या यंत्रावर तुम्ही अजून निलंबितच असता. शक्यतो टेबलापाशी उभे असतानाच मोबाइलवर नोंद उघडून बघा आणि बदललेली नसेल तर तिथेच दाखवा.

नागपूरचा पत्ता आणि गाडीचे कागद

नोंद स्वच्छ झाली की पत्ता बदलून घ्या. पत्ता जुना असला म्हणून लायसन्स निकामी होत नाही, पण पुढची नोटीस पुन्हा त्याच दुसऱ्या भाडेकरूच्या हातात पडेल. अर्ज सारथीवरूनच होतो. शहरात एमएच-३१चं कार्यालय गिरीपेठेत आहे, पूर्व नागपूरच्या भागासाठी एमएच-४९, ग्रामीणसाठी एमएच-४०. आपला भाग कुठे येतो ते अर्ज भरतानाच बघा.

गाडीही सोबत आणली असेल तर तिचा वेगळा हिशेब आहे. पत्ता बदलल्याची माहिती तीस दिवसांत द्यायची असते, आणि परराज्याच्या नंबरची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर मूळ कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र आणून इथला नंबर घ्यावा लागतो. भारत मालिकेचा, म्हणजे ‘बीएच’ नंबर असेल तर नंबर बदलायची गरज नाही. विमा कंपनीलाही नवा पत्ता कळवा.

शेवटचं एक काम लोक विसरतात. लायसन्सवर शेरा पडला असेल तर तो नव्या किंवा दुय्यम प्रतीवरही उतरतो. तीन वर्षं सलग दुसरा शेरा पडला नाही, तर कलम २५ नुसार शेऱ्याशिवायचं लायसन्स मागण्याचा हक्क मिळतो. फक्त वेगमर्यादेचा गुन्हा असेल तर एका वर्षाने. अपात्रतेचे महिने यात धरत नाहीत, म्हणून तारीख मोजताना ते वगळा आणि ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. चालकाची नोकरी करणाऱ्यांनी तर हा अर्ज सोडूच नये, कारण नोकरी बदलताना मालक पहिल्यांदा लायसन्सची मागची बाजूच बघतो.